सुलेखाचं डबडं

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागून कुणी बोलायला नको. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो. ड्रायव्हर म्हणायचा, "गाडी एकदम ओके हाय," आणि मी इंजिनाला कान लावून सांगायचो, "तिसऱ्या सिलिंडरात घोटाळा हाय, खोटं नको बोलू." दहातल्या नऊ वेळा माझंच खरं निघायचं. त्यामुळं माणूस असो की मशीन, आधी शक घ्यायचा आणि मग चहा घ्यायचा, ही माझी रीत. आमची भागूबाई म्हणते, "दुधात पाणी सापडलं नाय तर तुमाला झोप येत नाय." म्हणू दे. पाणी असतंच की दुधात!

पण सुलेखाच्या बाबतीत मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. सांगतो मात्र सगळं. तिच्याबद्दल कुणी काही लिहिणार नाही, आणि माझ्याइतकं तिला पाण्यात कुणी पाहिलं नाही.

सुलेखा म्हणजे साहेबरावाची लेक. आणि साहेबराव म्हणजे 'साहेबराव आणि पार्टी', भीमगीतांची गायन पार्टी. आमच्या शहरात टीव्ही सेंटरपासून मिलिंद कॉलेजच्या मागच्या वस्त्यांपर्यंत हे नाव विचारा, म्हातारी माणसं सांगतील. साहेबराव गाणार, रामकिसन पेटीवर, मी ढोलकीवर आणि मागं चार जण कोरसला. गाणाऱ्यानं ओळ टाकली की चौघांनी ती उचलून पब्लिकवर फेकायची, हे कोरसचं काम. कोरस नसला तर भीमगीत एकट्या माणसाचं गाऱ्हाणं वाटतं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हापासून दर चौदा जानेवारीला गेटासमोरच्या मंडळाच्या स्टेजवर आमची पार्टी. करोनाची सालं सोडली तर खाडा नाही.

मग साहेबराव गेला. कोरसमधला एक पुण्याला पोराकडं राहायला गेला, दोघं वाळूजच्या कंपन्यांत शिफ्टमधे अडकले, चौथ्याचा घसा बसला तो बसलाच. उरलो मी आणि रामकिसन. म्हटलं, संपली पार्टी. वर्षश्राद्ध आपल्यात करत नाहीत, पण साहेबरावाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते, तेव्हा सुलेखा म्हणाली, "काका, चौदा जानेवारीला आपण बसायचं. मी गाते."

"आणि कोरस?"

"कोरस मी आणते."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

ही पोरगी तेव्हा असेल एकोणतीस-तीस वर्षांची. लग्न करून जालन्याला गेली होती, दोन वर्षांत परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि साहेबरावानं कुणाला विचारू दिलं नाही. टीव्ही सेंटरच्या एका कॉम्प्युटर क्लासात टायपिंग शिकवायची. तो क्लास बंद पडला. सामान भंगारात निघालं, त्यात तीन बारके लॅपटॉप होते, शाळेच्या पाटीएवढे. एकाची स्क्रीन फुटलेली, दुसऱ्याचा कीबोर्ड मेलेला, तिसऱ्याला जीवच नव्हता. हिनं मालकाला विचारून तिन्ही उचलले आणि तिघांचा मिळून एक केला. आता ती घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. जातीचा दाखला, स्कॉलरशिप, पोलीस भरती. सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत तोंडानं एकच, "मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, लवकर सांगा, जाईल तो." आणि मधे मोकळा वेळ मिळाला की ते डबडं उघडून बसायचं. मी त्याला डबडंच म्हणायचो. तिला राग येत नव्हता, त्याचा मला जास्त राग यायचा.

पहिल्यांदा ते डबडं स्टेजवर आलं करमाडला. मला म्हणाली, "काका, मी ओळ म्हणते. डबडं ती धरून ठेवतं आणि फिरवून फिरवून म्हणत राहतं. त्याच्यावर मी दुसऱ्या सुरात म्हणते, तेही धरतं. असे चार थर झाले की कोरस उभा."

"म्हणजे ट्रॅक," मी म्हटलं.

"ट्रॅक नाय. घरून काहीच भरून आणत नाय मी. जे हाय ते स्टेजवरच गायचं, पब्लिकसमोर, आणि कार्यक्रम झाला की पुसायचं."

आता हे समजून घ्या, की आमच्यात ट्रॅक ही शिवी आहे. घरून वाजवून-गाऊन आणलेलं पेनड्राइव्हमधून लावायचं आणि स्टेजवर नुसते ओठ हलवायचे, असल्या पार्ट्यांना मंडळवाले उभं करत नाहीत. 'ट्रॅकवाल्यांना स्टेज नाही' असं पत्रिकेतच छापतात.

करमाडला तर डबड्यानं आमची पार अब्रू काढली. तिची ओळ संपायची आणि डबडं ती अर्ध्या मात्रेनं उशिरा म्हणायचं. मी समेवर, डबडं समेच्या मागून. पब्लिक हसलं. रामकिसन पेटीवर डोकं टेकून बसला. मला आतून लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, गेलं एकदाचं भंगारात.

पण ही साहेबरावाची लेक! पंधरा दिवस तिनं त्या मशीनची साफसफाई केली. आतली चित्रं, खेळ, घड्याळं, जे जे काढता येईल ते काढलं. नुसती काळी स्क्रीन राहिली आणि तिच्यावर चार खण. "काका, हे गरीब मशीन हाय," ती म्हणाली. "याला एका वेळी चारच गोष्टी झेपतात. पाचवी घातली की दम लागतो." उन्हाळ्यात खाली ओल्या फडक्याची घडी आणि वर स्टीलचं ताट उपडं, त्या ताटावर लॅपटॉप. बटणं दाबायला हात मोकळा नसायचा, म्हणून एका मोडक्या कीबोर्डचा आकड्यांचा तुकडा कापून तिनं पायाखाली ठेवला. पांढऱ्या साडीच्या निऱ्यांखाली उजव्या पायाचा अंगठा चालायचा. पब्लिकला दिसायचा नाही. मी ढोलकी घेऊन खाली बसतो, मला बरोबर दिसायचा.

आणि पुढच्या कार्यक्रमात खरंच कोरस उभा राहिला. तीन थर बायकी आवाजाचे. चौथा थर लागला तेव्हा माझा हात जागच्या जागी थबकला. चौथा आवाज साहेबरावाचा होता! तोच खर्ज, तीच शेवटच्या अक्षरावर झुकायची सवय.

कार्यक्रम सुटल्यावर मी तिला पकडलं. "बापाचं रेकॉर्डिंग घातलं व्हय गं त्यात? मेलेल्या माणसाला कोरसला बसवलं?"

तिनं माइक घेतला, अंगठा दाबला आणि बाप मला सांगायचा तसं म्हणाली, "पुंडलिक, लय सांभाळ." क्षणभरानं स्पीकरमधून साहेबराव म्हणाला, "पुंडलिक, लय सांभाळ."

"माझाच आवाज हाय काका," ती म्हणाली. "फक्त खाली ओढलाय. बाप-लेकीचा गळा एकच असतो ना."

त्या दिवशी माझा संशय गेला असं तुम्हाला वाटेल. नाही गेला. पण तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी डबड्याला बोलणं बंद केलं. एक कटकट मात्र राहिली. आमची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात लय चढवायची. ढोलकीवाल्यानं गाणं पळवायचं, पब्लिक उभं राहिलं पाहिजे. आणि सुलेखा म्हणायची, "काका, चढवू नका. डबडं चढत नाय." अरे, ढोलकीवाल्याला लय चढवू नको म्हणणं म्हणजे ड्रायव्हरला टॉप गिअर टाकू नको म्हणणं! तरी साहेबरावाच्या आवाजासाठी मी तेही ऐकलं, आणि त्या वर्षीचा चौदा जानेवारीही तसाच पार पडला.

आता माझं दुखणं सांगतो. दीड-दोन वर्षांपूर्वीपासून माझ्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी बोटं, मग पंजा. घरी रियाझाला बसलं की पंधरा मिनिटांत हात सुन्न. एकदा चहाचा कप हातातून सुटला. भागूबाई म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, "कपाचा कान निसरडा होता." दुसरा कप सुटला तेव्हा ती स्टीलचा पेला देऊ लागली.

मी सहासष्ट वर्षांचा आहे. वर्कशॉप सुटलं, पोरं आपापल्या संसारात, गुडघे तर कधीच गेले. ढोलकी गेली तर माझ्यापाशी काय उरतं? चौकातल्या बाकावर बसून पेपर वाचणारा आणखी एक म्हातारा. मला तसं व्हायचं नव्हतं. म्हणून हाताचं मी कुणाला कळू दिलं नाही. आणि एक चमत्कार होता: हात घरी सुन्न व्हायचा, पण स्टेजवर चढलं की मोकळा. वर्षभरात स्टेजवर एक थाप चुकली नाही. दोन दोन तास ठेका पाण्यासारखा चालायचा. लोक येऊन म्हणायचे, "पुंडलिककाका, हात अजून तसाच हाय तुमचा." मी म्हणायचो, ही बाबासाहेबांच्या गाण्याची ताकद. आणि मनापासून मानायचो.

त्याच वर्षभरात सुलेखाचं वागणं बदललं. आधी एक बारका माइक आणून माझ्या ढोलकीला चिकटवला. "आवाज नीट येत नाय काका, म्हणून." तीस-चाळीस वर्षं येत होता की! मग म्हणाली, "सुरवातीला चार आवर्तनं तुम्ही एकट्यानंच वाजवा, मी मागून येते." तसं वाजवायला लागलो की तिचा अंगठा दोनदा हलायचा. कोण गातंय? कुणीच नाही. मग अंगठा कशाला हलतो?

आणि साहेबरावाचा आवाज गायब झाला.

मी विचारलं, "चौथा आवाज कुठं गेला?" तर मान खाली घालून ओलं फडकं पिळत म्हणाली, "तीन पुरतात काका." मी तीस वर्षं इंजिनं ऐकली. जे चालू होतं ते बंद झालं, आणि विचारलं तर ड्रायव्हर मान खाली घालतो, म्हणजे काहीतरी लपवतोय.

लासूर स्टेशनच्या कार्यक्रमात तर रंगेहाथ सापडली. दुसऱ्या गाण्यात माझ्या डोळ्यात घाम गेला. मी उजवा हात उचलून घाम पुसला. आणि ढोलकी वाजतच राहिली! माझीच थाप, माझाच बारीक झटका शेवटच्या मात्रेवर, आणि माझा हात माझ्या कपाळावर. मी पटकन हात खाली आणला आणि वाजवत राहिलो. हिनं माझी ढोलकी डबड्यात घातली होती.

पुढच्या आठवड्यात मी न सांगता तिच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं, डबडं उघडं होतं. मला बघून तिनं झाकण खाली केलं, पण त्याआधी मी स्क्रीन वाचली. चार खण. तिघांवर लिहिलं होतं 'कोरस', आणि चौथ्यावर लिहिलं होतं 'पुंडलिककाका'.

"या काका, बसा. चहा टाकते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नको. जयभीम." आणि निघालो.

घरी येईपर्यंत माझा हिशेब पक्का झाला. हिला माझ्या हाताचं कळलंय. म्हणून मला डबड्यात घातलंय. एकदा माझा ठेका नीट धरला की मग म्हातारा कशाला पाहिजे? चौदा जानेवारीला गेटासमोर ताटावर डबडं, बाजूला रामकिसन, आणि मी पब्लिकमधे खुर्चीवर. ज्या पोरीला मांडीवर बसवून ढोलकीवर थाप मारायला शिकवलं, ती मला भंगारात काढायला निघाली. भागूबाई म्हणाली, "तिला एकदा तोंडावर विचारा ना." मी म्हटलं, "तू गप बस. चोराला विचारून चोरी सापडत नसती."

विचारायला हवं होतं.

मी गेलो सुदर्शनकडं. सुदर्शन म्हणजे स्टेज लावणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष, पोरगं भलं, पण नियमाचं पक्कं. मी त्याला सांगितलं, "आमच्या पार्टीत ट्रॅक चालतो. माझाच ठेका त्या लॅपटॉपमधे भरलाय. मी हात उचलला तरी वाजतो. मी सांगितलं असं बोलू नको." सुदर्शनचं तोंड उतरलं. "साहेबरावकाकांच्या पार्टीत ट्रॅक?" तो म्हणाला. "काका, लई वाईट वाटलं." मलाही वाटलं, पण मी गिळलं.

चौदा जानेवारी. विद्यापीठ गेटासमोर सकाळपासून माणूस मावत नव्हता. पुस्तकांची दुकानं, निळे झेंडे, गावागावांवरून आलेल्या बायका, कडेवरची लेकरं, पाण्याचे जार. आमची वेळ दुपारी चारची. सुलेखानं ताट मांडलं, डबडं ठेवलं, पायाखालचा तुकडा लावला. तेवढ्यात सुदर्शन स्टेजवर चढला.

"ताई, माफ करा. तक्रार आली. लॅपटॉप बंद ठेवून गाणार असाल तर गा, नायतर पुढच्या पार्टीला बोलवतो."

"कुणाची तक्रार?" सुलेखानं विचारलं.

सुदर्शनला खोटं बोलता येत नाही. त्याचे डोळे माझ्याकडं गेले. सुलेखाचेही आले. मला वाटलं, आता ही भडकणार, रडणार, चारचौघांत माझा पाणउतारा करणार. मी तयार होतो.

ती माझ्याजवळ येऊन खाली बसली. अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "काका, विचार करून सांगा. खरंच बंद करू?"

"कर," मी म्हटलं.

"कोरसचं मी बघून घेईन. पण तुमचं..." ती थांबली. "दोन गाणी करू मग. संथ करू."

"का? घाबरली व्हय? कार्यक्रम पुरा करायचा, पाच गाणी. आणि आज लय मी चढवणार."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग झाकण लावलं. तेवढा आवाज मला आला, टप.

पहिलं गाणं बरं गेलं. कोरस नव्हता, पण पुढं बसलेल्या बायकांनी ओळ उचलली. दुसरंही गेलं. मी सुदर्शनकडं बघून मान हलवली, बघ, ढोलकी अशी असते. तिसरं गाणं साहेबरावानं रचलेलं, 'आलो चालत चालत गेटापाशी, नाव वाचायाला.' याला पब्लिक उठतंच. दुसऱ्या कडव्यालाच मी लय चढवली. सुलेखानं मान हलवून नको म्हटलं. मी आणखी चढवली. लोक उठले, शिट्ट्या आल्या, आणि माझ्या कोपरापासून खाली मुंग्या धावल्या. मी मनात म्हटलं, स्टेज आहे, आता हात मोकळा होईल. दर वेळी होतो.

नाही झाला. थाप पडेना. हात ढोलकीच्या काळ्या शाईवर नुसता पडला, ओल्या पोत्यासारखा. मी डाव्या हातानं ठोकत राहिलो, उजवा उचलत होतो तर तो उचलेना. ढोलकी थांबली. हजारभर लोक उभे, पेटी एकटी चाललेली, आणि ढोलकी थांबलेली.

तेव्हा मला कळलं. या वर्षभरात हात कधी मोकळा झालाच नव्हता. असाच थांबत होता, दर कार्यक्रमात. थांबला की अंगठा हलायचा, आणि कार्यक्रमाच्या सुरवातीला वाजवलेला माझाच ठेका माझ्या नकळत माझ्याखाली येऊन उभा राहायचा. मी तोच ऐकायचो आणि म्हणायचो, वाहवा पुंडलिक! इंजिनातली बारीक टिकटिक ओळखणारा मी, स्वतःच्या हाताचा आवाज मला ओळखता आला नाही. आणि ते झाकण मीच लावायला लावलं होतं.

मागून कुणीतरी बोललं, "म्हाताऱ्याचा हात गेला वाटतं." मला वाटलं स्टेज फाटावं आणि मी खाली जावं.

सुलेखानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. माइक सोडून दोन्ही हात वर केले आणि टाळी धरली. "या, सगळ्यांनी!" ती ओरडली. पहिल्या रांगेनं टाळी धरली, मग मागच्यांनी, मग गेटापर्यंत. त्या टाळीवर तिनं उरलेलं गाणं पुरं केलं, शेवटची दोन गाणीही तशीच ओढली. लोकांना वाटलं, ढोलकी मुद्दामच थांबवली. सुदर्शननं तर माइकवर कौतुक केलं. मी ढोलकीवर चादर टाकली आणि कुणाशी न बोलता रिक्षानं घरी गेलो.

आठ दिवस मी बाहेर पडलो नाही. नवव्या दिवशी भागूबाई म्हणाली, "आता तिच्याकडं जाता, का मी हाताला धरून नेऊ?" गेलो. ढोलकी का घेतली ते सांगता येत नाही, पण घेतली.

दुकानात एक बाई उत्पन्नाच्या दाखल्याला बसली होती. ती जाईपर्यंत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिलो. मग म्हटलं, "चुकलो, पोरी."

"व्हय, चुकलात," सुलेखा म्हणाली. "मला विचारायचं होतं काका. आठ दिवस मला जेवण गेलं नाय. बाबांच्या स्टेजवर माझ्यावर ट्रॅकचा आळ घेतला तुम्ही."

मी मान खाली घातली.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यात फर्दापूरला तिसऱ्या गाण्यात तुमचा हात दोन मात्रा थांबला. तुमाला कळलं नाय. कुणाला कळलं नाय. मला कळलं."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही ढोलकी खाली ठेवली असती. ठेवली असती का नाय?"

ठेवली असती.

"मी भरून ठेवलेलं नव्हतं काही. दर वेळी पहिली चार आवर्तनं ताजी घ्यायची आणि कार्यक्रम झाला की पुसायची. तुमचा हात तुमालाच परत देत होते, तेवढंच."

तिनं डबडं उघडून माझ्यापुढं सरकवलं. काळी स्क्रीन, चार खण. तीन कोरस आणि मी. मी ते परत वाचलं आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. गरीब मशीन. चारच झेपतात.

"सुले," मी म्हटलं, "या चौथ्या खणात आधी काय होतं?"

ती टेबलावरचे कागद सारखे करत बसली.

"साहेबराव होता ना इथं?"

"वरच्या पट्टीतले तिन्ही आवाज नसले तर कोरस उभा राहत नाय काका," ती म्हणाली. "आणि पाचवा खण उघडला की मशीन अडकतं. मी लई खटपट केली, नाय झालं. कुणाला तरी उठवावं लागणार होतं. बाबा तर गेलेलेच हायत. तुम्ही हाय अजून." आणि पदर डोळ्याला लावला.

मला रडू आवरलं नाही. वर्कशॉपात बोट मशीनमधे गेलं होतं तेव्हा रडलो नव्हतो. या पोरीनं बापाचा आवाज पुसून माझी अब्रू झाकली होती, आणि मी वर्षभर विचारत फिरलो, की चौथा आवाज चोरला कुणी.

"माझं नाव काढ," मी म्हटलं.

"काका..."

"काढ म्हणतो ना! साहेबरावाला बसव जागेवर. माझा हात चालंल तेवढा चालंल. थांबला की थांबला. पब्लिकला टाळ्या वाजवता येतात, बघितलं मी."

तिनं नाक पुसलं. बटणं दाबली. 'पुंडलिककाका' एक एक अक्षर करून गेलं आणि तिथं 'बाबा' आलं. मग तिनं माइक ओढला, अंगठा दाबला आणि 'आलो चालत चालत गेटापाशी' ही ओळ खालच्या पट्टीत म्हणाली. क्षणभर काहीच नाही. मग झेरॉक्सच्या मशीनवरच्या बारक्या स्पीकरमधून साहेबराव गायला लागला.

मी ढोलकी मांडीवर घेतली. वाजवलं. दहा-बारा मिनिटं झाली असतील, हाताला मुंग्या आल्या, बोटं जड झाली आणि हात थांबला. मी तिच्या पायाकडं बघितलं. अंगठा हलला नाही. साहेबराव मात्र गातच होता, परत परत तीच ओळ, एकटाच. मला ते बघवेना. मी डाव्या हातानं मांडीवर ताल धरला आणि त्याच्या मागं ओळ उचलली. पन्नास वर्षांच्या ढोलकीत मी कधी कोरसला तोंड उघडलं नव्हतं.

सुलेखानं दोन ओळी ऐकून घेतल्या आणि तोंड वाकडं केलं.

"काका, सूर खाली घ्या," ती म्हणाली. "बाबा खाली हायत."